गाणे म्हणवून घेणारी माणसे घडवा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले आणि शाहीर साबळे यांनी घराघरांत पोहोचवलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपले राज्यगीत झाले. शाळेच्या परिपाठात ते आले याचा मला फार आनंद झाला. एका गावातली सगळी मुले रोज सकाळी एकत्र उभी राहून एक गाणे म्हणतात, ही लहान गोष्ट नाही. पण ते गाणे प्रत्यक्षात कसे म्हटले जाते, हे एकदा कुठल्याही खेड्यातल्या शाळेत न सांगता जाऊन पाहा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

बऱ्याच शाळांत ते म्हटले जात नाही, वाजवले जाते. स्पीकर व्हरांड्यात असतो, पेनड्राइव्ह लावला जातो, शाहीर साबळ्यांचा पहाडी आवाज मैदानभर घुमतो आणि मुले हात बांधून ऐकत उभी राहतात. जिथे मुलांना सोबत म्हणायला सांगतात तिथे आणखी एक अडचण येते. ती पट्टी मोठ्या पुरुषाच्या गळ्याची आहे. काही मुले खालच्या स्वरांत घुसमटतात, काही वरच्या स्वरांवर ओरडतात, आणि ओरडणे म्हणजेच जोशात म्हणणे असा समज पक्का होत जातो. यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. चाळीस मुलांकडून एक गाणे म्हणवून कसे घ्यायचे, हे त्यांना कधी कोणी शिकवलेलेच नाही.

मला सांगायचे आहे ते एवढेच. चांगले गाणे ही एक विद्या आहे आणि दुसऱ्यांकडून गाणे म्हणवून घेणे ही वेगळी विद्या आहे. पहिली शिकवण्याची आपल्याकडे उत्तम सोय आहे. दुसरी शिकवण्याची सोय गावागावांत आहे, फक्त शाळेत आणि शिक्षक-प्रशिक्षणात नाही.

मी स्वतः विशारद आहे आणि बरीच वर्षे शाळेत संगीत शिकवते आहे. मी दिलेल्या सगळ्या परीक्षांत मला एकटीला बसवून ऐकले गेले. राग ओळखायला सांगितला, आलाप घ्यायला लावला, ताल हातावर धरून दुगुण म्हणवून घेतली. ते शिक्षण मला जन्मभर पुरले आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण ज्यांनी कधी गाणे शिकलेले नाही अशी तीस माणसे समोर उभी करून ‘आता यांच्याकडून एक गाणे म्हणवून घ्या’ असे कोणी मला सांगितले नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मात्र नेमके तेच करायचे होते.

यात शिकण्यासारखे काय आहे, असे आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना वाटू शकते. म्हणून जरा तपशिलात जाते.

पहिली गोष्ट पट्टीची. गायक आपल्या गळ्याला सोयीची पट्टी घेतो. म्हणवून घेणाऱ्याने समोरच्यांच्या गळ्याची पट्टी घ्यायची असते, मग ती आपल्याला गैरसोयीची का असेना. साधारणपणे पुरुष काळी एक ते काळी दोनच्या आसपास षड्ज धरतात, बायका काळी चार-काळी पाचच्या आसपास. प्राथमिक शाळेतल्या मुलांचा आवाज मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून वरच्या पांढरी एकपर्यंत मोकळेपणाने फिरतो. त्याखाली तो विरतो, त्यावर चिरकतो. म्हणून गाण्याचा षड्ज कुठे आहे याहून त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कुठे जातो हे आधी पाहावे लागते. पेटी नसली तरी हे जमते. गाण्यातली सर्वांत उंच ओळ मनातल्या मनात म्हणून पाहायची, ती मुलांना झेपेल अशा ठिकाणी आणून ठेवायची आणि मग सुरुवातीच्या ओळीवर यायचे. सुरुवातीच्या ओळीवरून पट्टी ठरवली की अंतऱ्याला सगळा वर्ग फाटतो.

पुरुष शिक्षकांची अडचण आणखी वेगळी आहे. ते मुलांच्या एक सप्तक खाली गातात. मोठ्यांच्या कानाला तो एकच स्वर वाटतो, पण पहिली-दुसरीच्या मुलांना तो आपल्या गळ्यात कुठे शोधायचा हे कळत नाही. ती शिक्षकांच्या खालच्या स्वराच्या मागे जातात, तो सापडला नाही की बोलल्यासारखे म्हणतात, आणि मग ‘या वर्गाला सूरच नाही’ असा निकाल लागतो. उपाय सोपा आहे. वर्गातल्या ज्या मुलीचा किंवा मुलाचा स्वर पक्का आहे त्याला ओळ म्हणायला लावायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे म्हणायचे. मुलांचा गळा मुलांच्या गळ्याला लवकर मिळतो. पण हे शिक्षकांना कोणीतरी सांगायला हवे ना!

दुसरी गोष्ट उचल. आपली कितीतरी गाणी समेवर सुरू होत नाहीत. मुखडा आधी उचलायचा आणि समेवर येऊन पोहोचायचे, अशी त्यांची बांधणी असते. एकट्या गायकाला हे सहज जमते, कारण श्वास त्याचा आणि उचलही त्याचीच. शंभर मुलांना मात्र कुठे श्वास घ्यायचा हे दिसावे लागते. म्हणवून घेणारा आधी एक आवर्तन लय दाखवतो, उचलीच्या आधी हात वर घेताना स्वतः सगळ्यांना दिसेल असा श्वास घेतो, आणि हात खाली येतो तेव्हा शंभर तोंडे एकदम उघडतात. ‘एक, दोन, तीन’ म्हणून मोजणे आणि हे करणे यांत फार अंतर आहे. मोजणी घाईत असली तर गाणे घाईत सुरू होते आणि शेवटपर्यंत घाईतच राहते.

लय पळणे हा तर समूहाचा स्वभावच आहे. टाळ्या सुरू झाल्या की प्रत्येक जण शेजारच्याच्या किंचित आधी वाजवायला जातो. अशा वेळी नवा शिक्षक मोठ्याने म्हणू लागतो, हात जोरात हलवतो, आणि लय आणखी पळते. जाणता माणूस याच्या उलट वागतो. तो आवाज उतरवतो, हात लहान करतो, एखादी ओळ सगळ्यांना गुणगुणायला लावतो. आवाज कमी झाला की माणसे एकमेकांचे ऐकू लागतात आणि लय आपोआप जागेवर येते.

आणि सर्वांत अवघड गोष्ट आहे गप्प बसण्याची. ओळ आपण म्हणून दाखवायची आणि मुले म्हणत असताना आपण ऐकायचे. ज्याचा गळा चांगला असतो त्याला हे फार जड जाते. तो मुलांबरोबर गात राहतो, त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि वर्ग छान गातो आहे असे वाटत राहते. तिसऱ्या रांगेतल्या मुलाने ओळ अर्धीच शिकली आहे हे त्याला कळतच नाही. मी पाहिलेल्या उत्तम समूहगान शिक्षकांपैकी अनेकांचा गळा अगदी साधा होता. कान मात्र तयार होता.

मंत्रिमहोदय, ही विद्या नसली की काय होते, ते मोठी माणसे मला येऊन सांगतात. आमच्या महिला भजनी मंडळात नवीन बाई आली की टाळ हातात घेण्याआधी ती हमखास सांगते, ‘मला गाता येत नाही हो.’ कोणी सांगितले म्हणून विचारले की उत्तर जवळजवळ सारखेच असते. शाळेत स्नेहसंमेलनाच्या वेळी बाईंनी सांगितले होते, ‘तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव.’ आठव्या-नवव्या वर्षी ऐकलेले ते एक वाक्य पन्नाशीपर्यंत सोबत राहते. त्या बाईंनी दुष्टपणाने ते म्हटले नसेल. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता, वर्गातल्या एकीचा स्वर लागत नव्हता, आणि न लागणारा स्वर कसा लावून द्यायचा हे त्यांना ठाऊक नव्हते. स्वर न लागणाऱ्या मुलाला पक्क्या स्वराच्या दोन मुलांमध्ये उभे करायचे, त्याचा जो स्वर लागतो तिथेच आपण खाली जाऊन त्याला भेटायचे आणि तिथून हळूहळू वर आणायचे, एवढेच करायचे असते. बहुतेक मुलांचा स्वर काही महिन्यांत लागतो. सातवी-आठवीत मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हाही असेच होते. काही काळ त्यांच्या गळ्यात मोजकेच स्वर उरतात. त्या काळात त्यांना हातात टाळ, खंजिरी द्यावी, खालचा एखादा स्वर धरून ठेवायला द्यावा. आपण त्यांना बाकावर बसवतो आणि मग ते पुन्हा कधीच उभे राहत नाहीत.

आता गावात असलेल्या शिक्षणाकडे येते. मी फलटण तालुक्यात राहते. आषाढ जवळ आला की ज्ञानेश्वर माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आमच्या भागातून जाते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली ती आजही टिकून आहे. रथाच्या पुढे आणि मागे क्रमांक लावलेल्या दिंड्या, आणि प्रत्येक दिंडी म्हणजे चालते गाणे. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्या मधोमध मृदंग, वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया.

मृदंग मधोमध का असतो, याचा विचार मी बरीच वर्षे केला नव्हता. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे चौतीस मीटर लांब उभ्या माणसाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. दिंडी शंभर मीटर पसरली आणि मृदंग एका टोकाला असला, तर दुसऱ्या टोकाला तो जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा पोहोचेल. चालत्या भजनाच्या लयीत हा फरक अर्ध्या मात्रेपेक्षा जास्त भरू शकतो आणि टाळ विस्कटतात. मृदंग मध्ये घेतला की हेच अंतर निम्मे होते. दिंडीच्या रचनेत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. शाळेच्या मैदानावर मात्र आपण स्पीकर एका टोकाला लावतो आणि शेवटच्या रांगेतली मुले मागे पडतात म्हणून त्यांनाच रागावतो.

दिंडीत माणूस शिकतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. नवा मुलगा रांगेच्या कडेला उभा राहतो. आधी नुसते पाऊल आणि टाळ यांचा मेळ बसवतो. मग ध्रुपद धरू लागतो, म्हणजे पुढच्याने चरण म्हटला की सगळ्यांबरोबर ध्रुपदावर परत येतो. ध्रुपद सगळ्यांना येते, म्हणून कोणी बाहेर पडत नाही. चरण ज्याला येतात त्याने म्हणावे. पुढे कधीतरी, थकव्याच्या एखाद्या टप्प्यावर, वडीलधारा टाळकरी मान वळवून त्याला म्हणतो, ‘घे रे, एक चाल घे.’ तो घाबरत घाबरत घेतो. पट्टी जरा चुकली तर शेजारचा तिसऱ्या शब्दाला ती सावरून घेतो, चालणे थांबत नाही, कोणी त्याच्याकडे वळून बघतही नाही. त्या दिवसापासून तो पुढे होऊन म्हणणाऱ्यांपैकी एक असतो. अशा तऱ्हेने शिकलेली माणसे आपल्या राज्यात गावोगाव आहेत, आणि शिक्षण खात्याच्या कुठल्याही यादीत त्यांची नोंद नाही.

अखंड हरिनाम सप्ताहातला वीणेचा पहाराही असाच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. तासातासाने हात बदलतात. ज्याच्या गळ्यात वीणा असते तो त्या तासाचा जबाबदार, मग त्याचा गळा कसाही असो. नेतृत्व आळीपाळीने वाटून घ्यायचे असते, हे गावातली पोरे तिथे शिकतात. आणि वारीत रोज मुक्कामी होणारी समाज आरती तर कारभार कसा करावा याचा धडाच आहे. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार चोप उंच करतो आणि सारा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निवाडा होतो आणि मगच आरती पुढे सरकते. नाराज असलेल्याचा आवाज दाबून समूहाचे गाणे पुरे होत नाही, हे त्या मंडळींनी नियमातच बसवून टाकले आहे.

या सगळ्याला शाळेचे रूपही देता येते, हे आपल्याकडेच सिद्ध झालेले आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात ग्रंथांचे अध्ययन आणि सोबतीला कीर्तन-भजनाची तालीम. शेकडो माणसांसमोर उभे राहून त्यांना बरोबर घेऊन जाणे हे शिकवण्याजोगे आहे, असे मानून काढलेली ती संस्था शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

हे केवळ भक्तिमार्गापुरते आहे असेही नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते संगीत मैफलीतून समाजात आणण्यासाठी. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या सत्याग्रह आश्रमात गेले आणि तिथली प्रार्थना त्यांनी बांधली. आश्रमात गुजराती, मराठी, हिंदी, तमिळ बोलणारी माणसे होती, बहुतेकांना गाण्याचे शिक्षण नव्हते. पंडित खऱ्यांनी त्यांच्यासाठी ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. तिच्यात अनेक भाषांतली आणि अनेक धर्मांतली पदे आहेत. १९३० साली ते दांडीयात्रेत चालले. मैफलीत बसून नाव कमावण्याइतकी त्यांची तयारी होती. त्यांनी न गाणाऱ्यांना गायला लावण्यात आयुष्य घातले, आणि म्हणूनच कदाचित आपल्या संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव इतके कमी येते. मला हे फार खुपते.

पुढे राष्ट्र सेवा दलाने १९४१ नंतर शाखा-शाखांवर समूहगीते रुजवली. वसंत बापट, लीलाधर हेगडे ही मंडळी त्याच परंपरेतली. विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर अख्खे गाव उभे केले आणि मोझरीच्या गुरुकुंजापासून सामुदायिक प्रार्थना खेडोपाडी नेली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे लालबावटा कलापथक गिरणगावातल्या माणसांना झील धरायला लावत असे. वामनदादा कर्डकांची गाणी आज वस्तीवस्तीत लोक तोंडपाठ म्हणतात. विचार वेगवेगळे, देवही वेगवेगळे, काहींना देव नाहीच. पण एकाने उचलायचे आणि सगळ्यांनी धरायचे, हे कौशल्य सगळीकडे एकच आहे.

शेजारच्या गोव्याकडेही एक नजर टाकावी. पोर्तुगीज काळात तिथे चर्चच्या जोडीने पॅरिश शाळा होत्या. तिथे गावचा संगीतगुरू, म्हणजे मेस्त्रे, पोरांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन धरायला आणि वृंदात गायला शिकवी. त्या शाळांतून शिकलेल्या घराण्यांतलीच कितीतरी माणसे पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक आणि संयोजक म्हणून आली. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही नावे आपण ऐकली असतील. गावात एक नेमलेला माणूस आणि त्याला शिकवलेले नेमके काम, एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले. हिंदू वस्तीच्या गोव्यात भजनाची परंपराही तितकीच भक्कम आहे, आणि तिथली कला अकादमी पुरुष, महिला आणि मुले अशा गटांत राज्यभर भजन स्पर्धा घेते.

स्पर्धेचा विषय निघालाच आहे, तर मनातले स्पष्ट सांगते. आपल्या शाळांतल्या समूहगान स्पर्धांमुळे समूहगान वाढले असे मला वाटत नाही. शाळेतली सर्वांत सुरेल आठ-दहा मुले निवडायची, महिनाभर त्यांच्याकडून दोन गाणी घोटून घ्यायची, सारखे कपडे घालायचे, ढाल आणायची. बाकीची चारशे मुले टाळ्या वाजवायला. स्पर्धा घ्यायचीच असेल तर अशी घ्या की परीक्षकाने शाळेत यायचे, एक अख्खा वर्ग बोट दाखवून निवडायचा, शिक्षकांना सगळ्यांसाठी नवीन असलेले एक गाणे द्यायचे आणि पाऊण तासाने तो वर्ग ते कसे म्हणतो ते ऐकायचे. गुण गाण्याला थोडे द्या. किती मुलांची तोंडे उघडी होती आणि शिक्षक गप्प राहून किती वेळ ऐकत होते, याला जास्त द्या.

ही विद्या शिकवायला भजनी मंडळातली माणसे शाळेत आणायची म्हटली की धर्माचा प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. वर्गात सगळ्या घरांतली मुले असतात. शाळेत काय म्हणायचे हे शाळेने ठरवावे, आणि ते सगळ्यांना मोकळेपणाने म्हणता येईल असेच असावे. ओव्या, भलरी, कोळीगीते, बालगीते, समतेची आणि श्रमाची गाणी आपल्याकडे भरपूर आहेत. पाहुण्याकडून घ्यायची ती पट्टी, उचल, ध्रुपद धरण्याची रीत आणि टाळ. बायांचा प्रश्नही मी याच श्वासात मांडते. टाळकऱ्यांच्या रांगेत आणि मृदंगावर अजूनही बहुतेक पुरुषच असतात. गावातल्या महिला भजनी मंडळांत पट्टी लावणाऱ्या, ढोलकी धरणाऱ्या, वीस बायकांना एका लयीत ठेवणाऱ्या तयार बायका आहेत. शाळेने बोलवायला सुरुवात त्यांच्यापासून करावी.

कायद्याची आणि धोरणाची वाट अगदी बंद नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा जास्त मुले असतील तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देणे बंधनकारक आहे. आमच्यासारख्या भागातल्या वाड्या-वस्त्यांच्या शाळा त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत, म्हणजे तिथे संगीत शिकवणारे माणूस येणारच नाही. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंतांना, कारागिरांना, जाणकारांना मार्गदर्शक म्हणून शाळेत बोलावण्याची मुभा आहे. त्या वाक्याला मानधनाची तरतूद आणि नेमणुकीची साधी पद्धत जोडा. पदवीची अट घालू नका. या लोकांकडे प्रमाणपत्रे नसतात.

आणि वर्गशिक्षकांना प्रशिक्षण द्या. प्रत्येक शाळेला संगीतशिक्षक मिळणे नजीकच्या काळात शक्य नाही, हे मलाही कळते. म्हणूनच गणित शिकवणाऱ्या गुरुजींना आणि पहिलीच्या बाईंना हे आले पाहिजे, आणि ते येऊ शकते. व्याख्यान नको, सादरीकरण नको, राग ओळखायला लावू नका. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत दहा दिवसांचे निवासी शिबिर ठेवा. सकाळी प्रत्येकाने उठून इतरांकडून एक गाणे म्हणवून घ्यायचे आणि बाकीच्यांनी कुठे अडले ते सांगायचे. दुपारी जवळच्या शाळेत खऱ्या मुलांबरोबर तेच करायचे. संध्याकाळी गावच्या भजनी मंडळात, शाहिराच्या तालमीत किंवा ढोल-ताशाच्या सरावाला जाऊन मागच्या रांगेत उभे राहायचे. तिथे ताशा पुढे होऊन पन्नास ढोलांना कसा खेचतो आणि टोल लय कशी धरून ठेवतो हे डोळ्यांनी पाहायचे. शेवटच्या दिवशी परीक्षा एकच ठेवा. ज्यांना शिक्षक कधी भेटलेले नाहीत असा वर्ग, एक नवे गाणे, एक तास.

राज्यगीताची मुलांच्या पट्टीतली, मुलांनीच म्हटलेली एक शुद्ध आवृत्ती काढा, आणि दुसरी अशी काढा जिच्यात नुसता षड्ज आणि ठेका असेल, गाणे मुलांनी भरायचे. निधीची अडचण असेल तर स्पीकरच्या खरेदीतून थोडे पैसे वळवा. शाळेला टाळांचे दहा जोड आणि एक खंजिरी मिळाली तर ती वर्षानुवर्षे पुरतात, त्यांना वीज लागत नाही आणि ती दुरुस्तीलाही पाठवावी लागत नाहीत.

शिक्षकांवर आधीच कामांचे ओझे आहे, हे मी रोज बघते. माहिती भरण्याची दोन कामे कमी करून हे एक द्या. ज्या गुरुजींना वर्ग गाता ठेवता येतो त्यांना वर्ग शांत करायला छडी किंवा आरडाओरडा लागत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि जी मुले रोज एकत्र गातात ती एकमेकांचे ऐकायला शिकतात. ती पुढे गायक होतात की नाही याच्याशी मला काही देणेघेणे नाही.

पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या प्रशिक्षण आराखड्यात या शिबिराला दहा दिवसांची जागा द्या. सगळ्या राज्यात एकदम शक्य नसेल तर एका तालुक्यापासून सुरू करा, आणि तो आमचा असू द्या. शिकवायला माणसे आम्ही देतो, शिक्षकांच्या जेवणा-राहण्याची सोय गावे करतील. आपण फक्त आदेश काढा.

कळावे,
आपली,
एक संगीतशिक्षिका,
फलटण तालुका, जि. सातारा